भिस्त कोणावर?

इसवी सन 400 च्या सुमारास कार्थेज शहरात काही संन्यस्त बंधूंनी हाताने काम करायचं सोडून दिलं. आकाशातली पाखरं पेरत नाहीत की कापणी करत नाहीत, तरी देव त्यांना पोसतो, असं येशूनेच सांगितलंय; मग आम्ही कशाला राबायचं, हा त्यांचा युक्तिवाद. दिवसभर प्रार्थना, वाचन, स्तोत्रं, आणि जेवण भाविकांनी आणून द्यायचं. तिथला बिशप ऑरेलियस याने हिप्पोच्या ऑगस्टिनला यावर लिहायची गळ घातली. ऑगस्टिनने लिहिलेली पुस्तिका आजही वाचावी अशी आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पाखरांचा दाखला द्यायचाच तर पुरता द्या. पाखरं कोठारं भरत नाहीत, दळत नाहीत, रांधत नाहीत. तुम्हाला मात्र भरलेलं कोठारही हवं आणि शिजलेलं अन्नही हवं, फक्त ते दुसऱ्याच्या घामाचं हवं.

दहा-बारा वर्षांनी हाच ऑगस्टिन पेलागियसच्या विरोधात उभा राहिला आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत एकच गोष्ट लिहीत राहिला, की माणूस स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकत नाही; चांगलं व्हावंसं वाटणं हीसुद्धा देवाचीच देणगी आहे. एकीकडे ‘हात हलवा’ आणि दुसरीकडे ‘तुमच्या हातात काही नाही’. पुष्कळांना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. हात जोडून बसावं असं ख्रिस्ती परंपरेच्या मुख्य प्रवाहाने कधीच म्हटलेलं नाही. खरं भांडण दोन जागी आहे. देवावर टाकलेला भार प्रत्यक्षात कोणाच्या खांद्यावर जातो, ही एक जागा. आणि काम पार पडल्यावर श्रेय कोण घेतं, ही दुसरी. गेल्या दोन हजार वर्षांतला वाद या दोन प्रश्नांच्या उजेडात वाचला तर बराच सुटतो.

पेलागियसवर इतिहासाने थोडा अन्याय केला आहे. ब्रिटनमधून रोमला आलेला हा साधक पाहत होता, की रोमचे प्रतिष्ठित ख्रिस्ती लोक स्वतःच्या दुबळेपणाची ढाल पुढे करून खुशाल ऐषआरामात जगताहेत. ‘माणूसच तो, चुकणारच’ हे त्यांचं पालुपद. अशात ऑगस्टिनच्या आत्मकथनातली एक प्रार्थना त्याच्या कानावर आली: देवाने हवी ती आज्ञा करावी, पण ती पाळण्याचं बळही त्यानेच पुरवावं, अशा आशयाची. पेलागियस संतापला. सगळं देवानेच करायचं तर माणसाला जबाबदार कसं धरायचं? पुढे देमेत्रियास नावाच्या खानदानी घरातल्या, व्रतस्थ होऊ पाहणाऱ्या मुलीला लिहिलेल्या पत्रात त्याने आधी तिला तिच्यातल्या शक्तीची ओळख करून दिली. आपल्याला काय जमू शकतं हे कळल्याशिवाय कोणी पाऊल टाकत नाही, हे त्याचं निरीक्षण शिक्षक म्हणून अचूक आहे.

तो चुकला तो पुढच्या पायरीवर. प्रयत्न करूनही जो पुन्हा पुन्हा पडतो त्याला द्यायला पेलागियसकडे आणखी एका उपदेशाशिवाय काहीच उरत नाही. ऑगस्टिनने अशा माणसाची बाजू घेतली, कारण तो स्वतः त्यातून गेला होता. 418 मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलागियसचं मत फेटाळलं. 529 मध्ये गॉलमधल्या ऑरेंज इथल्या परिषदेने म्हटलं, की विश्वासाची सुरुवातही कृपेने होते. पण कृपा मिळालेल्याने ख्रिस्ताच्या साहाय्याने झटलं पाहिजे आणि तसं त्याला झटता येतं. पूर्वेकडच्या मंडळ्यांनी हा वाद इतका ताणलाच नाही. देव आणि माणूस मिळून काम करतात, एवढं त्यांना पुरलं. पश्चिमेत मात्र तो पुन्हा पेटला: 1524 मध्ये इरॅस्मसने मानवी इच्छेच्या स्वातंत्र्याची बाजू मांडली, 1525 मध्ये ल्यूथरने ती कडाडून खोडली, 1547 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने कॅथलिक उत्तर दिलं. त्या तपशिलात इथे शिरत नाही, कारण तो वाद मुख्यतः तारणाचा आहे आणि सामान्य ख्रिस्ती माणसाची ओढाताण सोमवार ते शनिवारची असते.

त्या ओढाताणीवर बायबलमधला सर्वांत बोलका प्रसंग रानातल्या मान्नाचा आहे. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात इस्राएली लोकांना रोज सकाळी जमिनीवर अन्न मिळतं. ते देवाने दिलेलं, यात शंका नाही. पण पहाटे उठून वेचायला लागतं. ऊन चढलं की वितळून जातं. उद्यासाठी राखून ठेवलं तर किडे पडतात. अपवाद एकच, शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट वेचायचं. आणि गणनेच्या पुस्तकात सहज येऊन जाणारा एक तपशील मला फार मोलाचा वाटतो: लोक ते जात्यावर दळायचे किंवा उखळात कुटायचे, मग शिजवायचे, त्याच्या पोळ्या करायचे. म्हणजे आभाळातून आलेल्या अन्नालाही जातं चुकलं नाही. पुढे कनानात पोचून तिथलं पीक तोंडी लागल्यावर दुसऱ्याच दिवशी मान्ना थांबला. तरी मोशेने त्याआधीच बजावून ठेवलं होतं, की घरं बांधाल, गुरंढोरं वाढतील, तेव्हा हे वैभव आपल्या मनगटाचं आहे असं म्हणू नका. रानात मनाई साठवणुकीला होती, देशात बढाईला. कष्टाला मनाई कुठेच नाही.

गिदोनाच्या कथेत बत्तीस हजारांच्या सैन्यातून तीनशे उरतात, ते याच बढाईला आळा घालण्यासाठी. पण ते तीनशे लढाईला जातात. नहेम्या प्रार्थनाही करतो आणि रात्रंदिवस पहाराही बसवतो, आणि यरुशलेमेचा कोट बावन्न दिवसांत उभा राहतो.

पौलाचं उदाहरण याहून गुंतागुंतीचं आहे, आणि आपल्याला जवळचंही. करिंथ शहरात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तंबू करण्याचा धंदा करून राहिला. उपदेशकाने मंडळीकडून पोटाला घ्यावं हा हक्क तो मान्य करतो, त्यासाठी शास्त्राचे दाखलेही देतो, आणि करिंथकरांच्या बाबतीत तो हक्क बाजूला ठेवतो. त्याच सुमारास मासेदोनियातून आलेली मदत मात्र घेतो. फिलिप्पैच्या मंडळीचे तर त्याने मनापासून आभार मानले आहेत. असं का? करिंथमध्ये पैसा घेणं म्हणजे तिथल्या धनवंतांच्या ऋणात अडकणं होतं, असं अनेक अभ्यासक म्हणतात आणि ते पटतं. फिलिप्पैचं देणं मैत्रीचं होतं. पौलाच्या मनात ‘मी माझ्या पायावर उभा’ हा अभिमान नव्हता. आशियात जिवाची आशा सुटावी इतका भार पडला, तो आपण स्वतःवर भिस्त ठेवू नये म्हणूनच, असं त्याने स्वतः लिहिलं आहे. तो देवावर विसंबला होता म्हणूनच त्याला ठरवता आलं, की कोणत्या माणसाचा पैसा घ्यायचा आणि कोणाचा नाही.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न संस्थांच्या दारात आला. प्रशियात जन्मलेला जॉर्ज म्युलर इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला स्थायिक झाला आणि 1836 मध्ये त्याने अनाथ मुलांसाठी घर उघडलं. पैसा माणसाकडे मागायचा नाही, फक्त देवाकडे मागायचा, हा त्याचा नियम. 1870 पर्यंत ॲशली डाऊनच्या टेकडीवर पाच मोठ्या इमारती झाल्या. त्याच्या हयातीत सुमारे दहा हजार मुलं तिथे वाढली. त्याच्यावर जुना आक्षेप असा, की दरवर्षी छापील अहवाल काढायचा आणि मग म्हणायचं आम्ही मागत नाही, हे कसं? आक्षेप रास्त आहे. त्याला म्युलरचं सर्वांत चांगलं उत्तर 1841 च्या डिसेंबरातलं आहे. त्या वेळी हातात पैसा अगदीच नव्हता. नेमकी वार्षिक सभा आणि अहवालाची वेळ आली होती. गरजेच्या ऐन वेळी अहवाल काढला तर तो जोगवा ठरेल, म्हणून त्याने सभाही पुढे ढकलली आणि अहवालही. शिवाय हा माणूस हिशेबाला काटेकोर होता, पैन् पै लिहून ठेवणारा. देवावरचा विश्वास आणि खतावणी यांचं वैर आहे असं त्याला कधी वाटलं नाही.

म्युलरची ती हकिकत पंडिता रमाबाईंनी वाचली, चायना इनलँड मिशनची आणि मिशनरी जॉन पॅटनचीही वाचली, आणि हिंदुस्थानात असं देवावर विसंबून काम करता येईल का, हा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. हे त्यांनी आपल्या साक्षीत नोंदवलं आहे. तोवर त्यांचं काम बोस्टनमध्ये 1887 साली स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या पैशावर चालत होतं. ती मदत दहा वर्षांसाठी होती आणि तिला अट होती, संस्थेत धर्मप्रसार नको. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. मुली ख्रिस्ताकडे वळू लागल्यावर केवढा गदारोळ झाला ते सर्वश्रुत आहे. दहा वर्षं भरली, दुष्काळ पडला, रमाबाई मध्य प्रांतात जाऊन शेकडो उपाशी मुली घेऊन आल्या आणि केडगावच्या माळावर ‘मुक्ती’ उभी राहिली. शतक सरताना तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली होती.

मुक्तीची गोष्ट चमत्काराची म्हणून सांगितली जाते. मला ती जास्त मोठी वाटते ती तिच्या मागच्या आठवणीमुळे. रमाबाईंचे आईवडील दुष्काळात उपासमारीने गेले. त्या दिवसांबद्दल त्यांनी सरळ लिहिलं आहे, की देवदेव, व्रतं, दानधर्म यांत होतं नव्हतं ते संपलं. भीक मागायला अभिमान आड येत होता, हलकं समजलं जाणारं काम करायला जात, आणि पोट भरण्याची कोणतीही विद्या अंगी नव्हती. शास्त्री घराण्यात संस्कृत होतं, हाताला काम नव्हतं. म्हणून मुक्तीत प्रार्थनेइतकीच विहिरीला, शेताला, मागाला, शिवणाला, छापखान्याला जागा मिळाली. कुठल्याही जातीची मुलगी असो, तिने हाताने काम करायचं. बायबलचा सोप्या मराठीतला तर्जुमा रमाबाईंनी केला आणि त्याचे टाइप याच मुलींनी जुळवले. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ या म्हणीने आपण ज्या वृत्तीला हसतो, तिचे परिणाम या बाईने स्वतःच्या घरात भोगले होते. देवावर पूर्ण विसंबणं आणि खाटल्यावर पडून राहणं यांतला फरक तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

मराठी मंडळीचा मोठा भाग मात्र मुक्तीच्या वाटेने गेला नाही. 1813 मध्ये अमेरिकन मराठी मिशन मुंबईत आलं, 1831 मध्ये अहमदनगरला पोचलं. त्यांच्या बोस्टनच्या मुख्य संस्थेचा चिटणीस रुफस अँडरसन 1854-55 मध्ये इथे दौऱ्यावर आला आणि त्याने आग्रह धरला, की इंग्रजी शाळांवरचा खर्च थांबवा, खेड्याखेड्यांत देशी पाळक नेमा, मंडळ्यांना स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या कारभाराने चालू द्या. इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचा हेन्री व्हेन तेच सांगत होता: मिशनने शेवटी आपण होऊन संपावं. कागदावर हे उत्तम होतं. प्रत्यक्षात नगर जिल्ह्यातल्या मंडळ्या बहुतांशी महार-मांग कुटुंबांच्या होत्या, बलुत्याच्या व्यवस्थेत आधीच भरडलेल्या, दुष्काळाने खचलेल्या. त्यांनी पाळकाचा पगार कशातून द्यायचा? म्हणून पगार मिशनकडून, शाळा मिशनची, दवाखाना मिशनचा. व्यासपीठावरून ‘देव पुरवील’ म्हणायचं आणि पुरवणारा हात बंगल्यातल्या साहेबांचा असायचा. लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. पण देवावर अवलंबून असणं आणि साहेबांवर अवलंबून असणं यांची सरमिसळ पिढ्यान्‌पिढ्या झाली आणि तिने आत्मसन्मानाला इजा केली, हे मान्य केलं पाहिजे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हे सलत होतं. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी दोन दशकांहून अधिक काळ मिशनमध्ये काम केलं आणि 1917 मध्ये ते त्यातून बाहेर पडले. ‘देवाचा दरबार’ ही त्यांची कल्पना: बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण ख्रिस्ताला गुरू मानणारे, यांचा एक देशी बंधुसमाज, परक्या पैशाच्या मिंधेपणाविना. 1919 मध्ये ते गेले आणि दरबार फार वाढला नाही. इतरत्र हाच प्रयत्न फळाला आलेला दिसतो. 1905 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला भारतीयांच्या पैशावर आणि माणसांवर चालणारी नॅशनल मिशनरी सोसायटी निघाली. कोरियात 1890 मध्ये मिशनरी जॉन नेव्हियसचा सल्ला घेऊन सुरुवातीपासूनच मंडळ्यांनी आपला भार आपण उचलला. मिझोराममध्ये 1910 च्या सुमारास बायकांनी एक रीत पाडली, जी आजही चालू आहे: प्रत्येक वेळी भात लावताना शिजवायच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढून ठेवायची, तो तांदूळ गोळा होतो, विकला जातो, आणि त्यातून मंडळीचं काम चालतं. त्यासाठी पैसेवालं असावं लागत नाही, चूल पेटत असली की पुरतं. नगरच्या खेड्यांत पगाराचं कोडं अडलं होतं त्याचं एक उत्तर या मुठीत होतं असं मला राहून राहून वाटतं. 1971 मध्ये केनियाचे जॉन गाटू यांनी तर उघडच म्हटलं, की पश्चिमेने काही काळ माणसं आणि पैसा पाठवणं थांबवावं, म्हणजे आम्ही आमचे होऊ.

इथे एक सावधगिरी हवी. ‘स्वतःवर विसंबू नकोस’ हा उपदेश ऐकणारा कोण आहे, याने त्याचा अर्थ बदलतो. 1960 मध्ये व्हॅलरी सेव्हिंग या अमेरिकन अभ्यासिकेने एका निबंधात म्हटलं, की धर्मशास्त्र लिहिणाऱ्या पुरुषांनी गर्व हे मूळ पाप ठरवलं, पण पुष्कळ स्त्रियांचं दुखणं उलटं असतं. त्यांनी स्वतःला इतरांसाठी इतकं पुसून टाकलेलं असतं की ‘मी’ उरतच नाही. 1981 नंतर बंगळुरूहून अरविंद निर्मल यांनी दलित ईशज्ञानाची मांडणी सुरू केली तिथेही हाच धागा आहे: ज्यांना शतकानुशतकं वाकायला लावलं, त्यांना आणखी वाकायला सांगणं म्हणजे सुवार्ता नव्हे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने 1970 मध्ये सुरू केलेलं काम मला या मुद्द्याचा सर्वांत ठोस पुरावा वाटतं. ज्यांना लिहिता-वाचताही येत नव्हतं अशा गावातल्या बायकांना, त्यांत दलित बायकाही होत्या, त्यांनी आरोग्यसेविका केलं. त्या बाळंतपणं करू लागल्या, मुलांची वजनं घेऊ लागल्या, गावच्या पुढाऱ्यांसमोर उभ्या राहून बोलू लागल्या. त्यांना स्वतःवर विसंबायला शिकवणं हेच तिथे विश्वासाचं काम होतं.

उलट बाजूला दारूच्या व्यसनात अडकलेला माणूस असतो. 1935 मध्ये अमेरिकेत ॲक्रनला सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची पहिली पायरीच अशी, की हे माझ्या हाताबाहेर गेलं आहे हे कबूल करायचं. पण त्यापुढच्या पायऱ्या पाहिल्या तर कष्टच कष्ट: स्वतःचा झाडा घ्यायचा, ज्यांचं नुकसान केलं त्यांच्या दारी जायचं, भरपाई करायची. पेलागियस आणि ऑगस्टिन दोघेही त्या खोलीत बसलेले आहेत.

आजच्या काळात दोन टोकं धोक्याची आहेत. एक समृद्धीचा उपदेश: दशमांश द्या, देव दामदुप्पट परत देईल. यात देवावर भिस्त नसून देवाशी सौदा आहे, आणि कर्ज काढून दान देणाऱ्या गरिबाचा भार त्याच्याच लेकराबाळांवर पडतो. दुसरं, औषध नाकारणारा विश्वास. मिरजेला 1894 मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी इस्पितळ उभारलं, तेव्हापासून मराठी ख्रिस्ती माणसाने शस्त्रक्रिया आणि प्रार्थना एकाच छताखाली पाहिल्या आहेत. ज्याने डॉक्टरला हात दिले त्याच देवाकडे आपण बरं होण्याचं मागणं मागतो; गोळी घेतल्याने विश्वास उणा होत नाही. जर्मन धर्मशास्त्रज्ञ बॉनहॉफरने 1944 मध्ये तुरुंगातून लिहिलं होतं, की माणसाचं ज्ञान जिथे संपतं तिथली पोकळी भरण्यापुरता देव ठेवू नये. आजारपणात हे आठवलं पाहिजे.

या सगळ्या साहित्यात एक पोकळी आहे. साक्ष देणारा मिळालेल्या उत्तराची साक्ष देतो. न मिळालेल्या उत्तराबद्दल, आणि कोणा एकाच्या विश्वासाचा भार दुसऱ्या कोणी वाहिला त्याबद्दल, फार थोडं लिहिलं गेलं. मराठीत याला एक थोर अपवाद आहे, ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई टिळकांनी ते धर्मशास्त्र म्हणून लिहिलेलं नाही. पण टिळक हातातलं देऊन मोकळे होत, उद्याची फिकीर करत नसत, आणि उद्याचा स्वयंपाक लक्ष्मीबाईंना करायचा असे, हे तिथे पानोपानी आहे. त्या टिळकांवर रागावतात, त्यांच्यावर जीव टाकतात, आणि स्वतः ख्रिस्ताकडे आल्या त्या नवऱ्याच्या मागे फरफटत आल्या नाहीत, काही वर्षांनी आपल्या विचाराने आल्या. टिळक गेल्यावर ‘ख्रिस्तायन’ अर्धवट होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईने ते हाती घेतलं आणि पुरं केलं. त्या महाकाव्याचा फार मोठा भाग त्यांचाच आहे. केडगावच्या शेतीइतकाच, नगरच्या पगारपत्रकाइतकाच, त्यांच्या त्या घरखर्चाचाही या वादात पुरावा म्हणून विचार झाला पाहिजे, आणि आमच्या सेमिनरीत तो अजून व्हायचा आहे.